न फुटलेला हौद

मी एक जुना हौद आहे, मित्रांनो, आणि माझ्या पोटात पाण्याइतकाच मत्सर भरलेला आहे. आपली गोष्ट सांगायला बसलं की जो तो आपला चांगुलपणा सांगतो. झाड सावली सांगतं, चप्पल झीज सांगते, छत्री सोसलेला पाऊस सांगते. मला तसलं जमायचं नाही. मला कोणाकोणाचा हेवा वाटला आणि त्यापायी माझ्या हातून काय होता होता राहिलं, तेवढंच मी सांगणार आहे. ऐकून झाल्यावर मला नावं ठेवायची असली तर खुशाल ठेवा.

चिकलठाण्यात, जालना रोडवरून आत वळलं की तिसऱ्या गल्लीत कडुबांचं घर आहे. विमान उतरायला लागलं की त्या गल्लीतल्या मांडण्यांवरची भांडी थरथरतात. त्या घराच्या पोर्चखाली, जमिनीच्या पोटात मी राहतो. दहा फूट लांब, सहा फूट रुंद, सात फूट खोल. वर एक लोखंडी झाकण आणि झाकणावर घरातली स्कूटर. मला दिसतं ते झाकणाच्या फटीतून, आणि बाकी सगळं मी ऐकतो. पोकळ पोटात आवाज फार चांगला उतरतो.

तुम्ही संभाजीनगरचे असाल तर हौद म्हणजे काय ते तुम्हाला सांगायला नको. नसाल तर ऐका. आमच्या शहरात नळाला रोज पाणी येत नाही. कधी आठव्या दिवशी येतं, कधी दहाव्या. आलं की तास-दीड तास येतं, तेवढ्यात जे भरून घ्याल ते तुमचं. म्हणून ज्याची ऐपत असेल तो घराखाली हौद बांधतो. आमच्याकडे सोयरीक जुळवतानाही लोक जाता जाता विचारतात, हौद केवढा आहे म्हणून.

घराच्या आधी माझा जन्म झाला. तीस वर्षांपूर्वी कडुबांनी इथं जागा घेतली तेव्हा फकिरा गवंड्यानं पहिली कुदळ मारली ती माझ्यासाठी. बांधकामाला पाणी लागतं आणि पाणी साठवायला आधी हौद लागतो. माझ्या भिंती उभ्या राहिल्यावर फकिरा आत उतरला आणि त्यानं गिलावा थापीनं असा घोटला की हात फिरवला तर घसरावा. एका कोपऱ्यात मात्र चहाची हाक आली म्हणून त्याचा हात थांबला. तो परत येईपर्यंत तिथला गिलावा थोडा वाळून गेला होता. तिथं केसाएवढी एक रेघ राहिली. ती कोणाला दिसत नाही, कारण मी ती तीस वर्षं दाबून धरली आहे.

पुढे विटा भिजल्या त्या माझ्या पाण्यात, सिमेंट कालवलं गेलं ते माझ्या पाण्यात, आणि स्लॅब टाकल्यावर एकवीस दिवस त्याच्यावर मारलेलं पाणीही माझंच. हे अख्खं घर माझं पाणी पिऊन मोठं झालं. घर पुरं झालं तेव्हा त्याच्या मंगलासाठी बुद्धवचनांचा परित्राण पाठ झाला, नातेवाईक जमले, खिरीचं पातेलं चढलं. आलेल्या प्रत्येकानं मान वर करून घर पाहिलं. खाली कोणी पाहिलं नाही. माझ्या झाकणावर पाहुण्यांच्या चपलांचा ढीग पडला होता. त्या दिवशी माझ्या पोटात पहिल्यांदा दुखलं.

मग गच्चीवर ती आली. काळी, गोल, प्लास्टिकची टाकी. मी पाणी साठवायचं, मोटारीनं ते वर ओढायचं आणि टाकीनं ते नळांना सोडायचं. म्हणजे कष्ट माझे आणि नाव तिचं. घरात नळ सोडला आणि पाणी आलं की कडुबांची बायको, गीताबाई, म्हणायच्या, "टाकीला पाणी हाय." पाणी नसलं की म्हणायच्या, "हौद आटला वाटतं." चांगलं झालं की टाकी, वाईट झालं की हौद. तिला वर वारा होता, चांदणं होतं, संक्रांतीला पतंग उडवणारी पोरं तिला टेकून बसत. माझ्या वाट्याला स्कूटरचं गळणारं ऑइल.

कडुबांना दोन लेकरं. थोरली संध्या आणि तिच्या पाठचा बुद्धभूषण. बुद्धभूषण सारखा आजारी पडायचा. कधी घसा, कधी ताप, कधी पोट. त्याच्या उशाशी मोसंबी असायची, आणि गीताबाईंचा हात असायचा. संध्याला काही व्हायचं नाही. ती नळाला पाणी आलं की पाईप लावायची, झाकण उचलायची, माझ्यात उतरायला भिंतीत बसवलेल्या लोखंडी कड्यांपैकी सगळ्यात वरच्या कडीला पाणी टेकलं की नळ बंद करायची. ती हे कोणी न सांगता करायची, म्हणून तिला कोणी सांगायचंही नाही आणि शाबासकीही द्यायचं नाही.

एकदा उन्हाळ्यात ती दुपारी माझ्यापाशी आली आणि तिरप्या उन्हानं तापलेल्या झाकणावर कपाळ टेकून पालथी पडून राहिली. मला वाटलं, पोरीला झालं तरी काय. बराच वेळ चटका सोसून ती उठली आणि आत जाऊन म्हणाली, "आई, मला ताप आलाय." गीताबाईंनी कपाळाला हात लावला आणि हसून म्हणाल्या, "उन्हात खेळली आसशील. जा, पाणी पी." मोसंबी मिळाली नाही. संध्या परत येऊन माझ्या झाकणावर बसली. तेव्हा मला वाटलं, ह्या घरात माझ्या जातीचं आणखी कोणीतरी आहे.

वर्षातून एकदा मात्र माझा दिवस यायचा. बुद्धपौर्णिमेच्या आधी कडुबा मला रिकामा करायचे आणि पायजमा गुडघ्यापर्यंत दुमडून आत उतरायचे. काथ्यानं भिंती घासायचे, तळाचा गाळ घमेल्यात भरून वर द्यायचे. माझ्या पोटात त्यांचा श्वास घुमायचा. तेवढा दिवस मला कोणाचा हेवा वाटायचा नाही. पुढच्या तीनशे चौसष्ट दिवसांची उणीव मात्र त्यातून भरून निघायची नाही.

आता वादळाचं सांगतो. गेल्या एप्रिल महिन्यातली गोष्ट. दुपारी चारच्या सुमाराला एकाएकी अंधारून आलं आणि असा वारा सुटला की गल्लीतल्या लोखंडी फाटकांनी आपणहून उघडझाप सुरू केली. समोरच्या मोकळ्या प्लॉटमधलं निलगिरीचं झाड मुळासकट उपटलं गेलं आणि सरळ आमच्या घरावर आलं. गच्चीचा कठडा गेला. वरच्या खोलीचे पत्रे उडून कुठल्या कुठे पडले. मागच्या खोलीच्या स्लॅबचा कोपरा तुटला आणि भिंतींना भेगा पडल्या. ती टाकी उडाली, दोन घरं ओलांडून रस्त्यावर आपटली आणि तिचे दोन तुकडे झाले. नशीब की कडुबा आणि गीताबाई तेव्हा स्वयंपाकघरात होते. त्यांना खरचटलंसुद्धा नाही.

मलाही काही झालं नाही. जमिनीला हादरा बसला, कोपऱ्यातली ती रेघ चुरचुरली, पण मी धरून ठेवली.

वारा थांबल्यावर सगळी गल्ली धावत आली. बुद्धभूषण उस्मानपुऱ्यातून गाडी घेऊन आला, संध्या शाळेतून आली. ती आता शिक्षिका आहे. फोटो काढले गेले. गीताबाई टाकीच्या तुकड्यापाशी उभ्या राहून डोळ्याला पदर लावून रडल्या. पत्र्यांसाठी हळहळल्या, कठड्यावरच्या तुळशीच्या कुंडीसाठी हळहळल्या. मी वाट पाहत होतो. मला वाटलं, कोणीतरी म्हणेल, "हौद वाचला बरं का." कोणी म्हटलं नाही. माझ्या झाकणावर तुटलेल्या विटा रचून ठेवल्या गेल्या. ज्याचं मोडतं त्याला आठ माणसं धरायला येतात आणि जो शाबूत राहतो त्याच्यावर विटा रचतात, हा जगाचा न्याय मला त्या दिवशी कळला. रस्त्यावर दोन तुकडे होऊन पडलेल्या त्या प्लास्टिकच्या बाईचा मला हेवा वाटला, आणि स्वतःची लाजही वाटली. पण लाज टिकली नाही, हेवा टिकला.

घर दुरुस्त करावं असं आधी सगळ्यांनाच वाटत होतं. पण कडुबांची छाती. वर्षानुवर्षं कारखान्यात काढलेली; डॉक्टरांनी बजावून ठेवलं होतं की सिमेंटच्या धुळीत पाऊल टाकायचं नाही. आणि आपलं घर दुसऱ्याच्या भरवशावर गवंड्यांना सोपवायचं, हे त्यांना पटणारं नव्हतं. मग ठरलं की उस्मानपुऱ्यातल्या फ्लॅटमध्ये मुलाकडे राहायला जायचं आणि हे घर विकायचं. आहे तसं, वादळानं मोडलेलं.

सामान हलायला लागलं आणि मला नवी सवत मिळाली. तो फ्लॅट. गीताबाईंची मांडणी फ्लॅटला गेली, देवाच्या जागी मानलेली बुद्धाची मूर्ती आणि बाबासाहेबांची तसबीर गेली, पाण्याचा तांब्याचा हंडा गेला. फ्लॅटला म्हणे खाली टँकर येऊन पाणी ओततो आणि वर नळ सोडला की पाणी येतं. कोणी कान टवकारून बसायला नको. कडुबांनी माझ्यातलं उरलंसुरलं पाणी उपसून ओटा धुतला आणि मी तीस वर्षांत पहिल्यांदा दिवसच्या दिवस ठणठणीत कोरडा पडून राहिलो.

बुद्धभूषण म्हणाला, "बाबा, निदान भेगांवर पुट्टी मारून एक हात रंग देऊ. गिऱ्हाइकाला बरं दिसेल."

कडुबा म्हणाले, "अन् पुट्टीखालच्या भेगंत त्याचं लेकरू झोपंल, ते? मी तसला माल आयुष्यात पास केला नाय."

कडुबा कारखान्यात क्वालिटी खात्यात होते, मित्रांनो. मशीनवरून आलेला प्रत्येक भाग हातात घ्यायचा, डोळ्याशी धरायचा, आणि खोट दिसली की तिच्याभोवती लाल रंगानं गोल काढून तो बाजूला ठेवायचा. ज्यात खोट नाही त्याच्यावर काहीच काढायचं नाही. तो गुपचूप पुढे जायचा. तीस वर्षं हेच काम. त्या सवयीनं ते एके दिवशी लाल रंगाचा डबा आणि बारीक ब्रश घेऊन आले आणि तोंडाला रुमाल बांधून घरभर फिरले. जिथं भेग तिथं गोल. स्लॅब तुटला तिथं गोल. पोर्चच्या तुळईला, अगदी माझ्या डोक्यावर, एक गोल.

गीताबाई पदर तोंडाला लावून म्हणाल्या, "अवं, कुकू लावायलाव का घराला?"

"खोट दाखवून माल द्यावा. मंग घेणाऱ्याला तक्रार ऱ्हात नाय."

सतरा गोल झाले. अठरावा काढायला ते पोर्चमध्ये आले, विटा उतरवून माझं झाकण उचललं, बॅटरीचा झोत आत टाकला, चारी भिंतींवरून फिरवला आणि झाकण ठेवून दिलं. काही काढलं नाही. मला कळत होतं, मी पास झालो होतो. पण मन मानायला तयार नव्हतं. त्यांनी त्या सतरा जागांपुढं उभं राहून प्रत्येकीवरून बोट फिरवलं होतं. मला मिळालं ते एक "हं".

उडालेल्या पत्र्याचा एक तुकडा फाटकाला लटकला: घर विकणे आहे, आहे त्या स्थितीत. माणसं येऊ लागली. कडुबा त्यांना घर दाखवत ते असं, "हे बगा, इथं भेग. हे बगा, इथं स्लॅब गेलेला. ह्या खोलीत पावसाळ्यात झोपायचं नाय." माणसं गोल मोजत, एकमेकांकडे बघत आणि चहा न घेता निघून जात. एवढं खरं बोलणाऱ्या माणसाकडून घर घ्यायला लोक घाबरतात. सतरा ठिकाणी खोट दाखवतोय तर अठरावी केवढी असेल, असं त्यांना वाटत असावं.

शेवटी विश्वजीत नावाचा बिल्डर आला. पांढरा शर्ट, दोन फोन. त्यानं गोलांकडे पाहिलंसुद्धा नाही.

"काका, ये सब दिखानेकी जरुरतच नाही. मला घर नकोच आहे. मी पाडणार, प्लॉट घेणार. चार मजले उभे करतो."

कडुबा म्हणाले, "घर पाडनार?"

"त्यात काय ठेवलंय आता?" विश्वजीत पोर्चमध्ये आला आणि त्यानं बुटाच्या टोकानं माझं झाकण वाजवलं. "हा हौद आहे का? चला, बरं झालं. मलबा टाकायला जागा झाली. भराव करून वर पार्किंग काढू."

माझ्या पोटात माझंच घर भरणार होते. ज्या स्लॅबला मी एकवीस दिवस पाणी पाजलं त्याचे तुकडे आणि त्या सतरा लाल गोलांच्या विटा माझ्यावर ओतल्या जाणार, वरून माती, वरून फरशी आणि फरशीवर चारचाकी. कडुबांनी वाकून माझं झाकण नीट बसवलं. मग म्हणाले, "रविवारी सांगतो." बुद्धभूषण म्हणाला, "बाबा, दुसरं कोण घेणारंय हे?" त्याचं चुकलं होतं असं नाही.

त्या दुपारी मी ठरवलं की आपणही फुटायचं. माझं मरण तर ठरलंच होतं. मग त्याच्या आधी एकदा का होईना कडुबांनी आत वाकून बघावं, "अरे रे, हौदपण गेला का" असं म्हणावं, माझ्या भिंतीवर बोट फिरवावं आणि एक लाल गोल काढावा. एवढंच पाहिजे होतं मला. त्या कोपऱ्यातल्या रेघेला जरा ढील दिली की झालं. पण कोरडा हौद फुटला तरी कोणाला कळणार? गळायलाही पोटात पाणी लागतं.

आणि बुधवारी नळाला पाणी आलं.

गल्लीत बादल्यांचा आवाज सुरू झाला आणि पाठोपाठ फाटकाशी स्कूटर थांबली. संध्या, आणि तिच्या मागे बसून आलेल्या गीताबाई. भर उन्हात उस्मानपुऱ्यापासून आल्या होत्या. गुडघे दुखत होते, ते त्यांच्या चालण्यावरून ऐकू येत होतं. त्यांनी पाईप लावला, संध्यानं झाकण उचललं आणि पाणी माझ्या तळावर पडलं. इतक्या दिवसांनी पडलं, मित्रांनो, की मला दुसरं काही ऐकूच आलं नाही काही वेळ.

संध्या म्हणत होती, "आई, विकायच्या घरात कोणी पाणी भरतं का? पाण्याचा दिवस आहे म्हणून माझी शाळा बुडवून आणलंस मला. बाबांना कळलं तर काय म्हणतील?"

"म्हनू दे. नळाला पानी आलंय म्हनल्यावर मला तिथं बसवंना." गीताबाई ओट्यावर बसल्या. "आन् फकिरा सांगून गेला होता, कोरडा हौद तडकतो. जो कोनी येईल त्याला पहिल्या दिवशी पानी लागंल का नाय? नव्या घरात पानी मागायला शेजारी जावं लागू नये मानसाला."

"येणारा बुलडोझर घेऊन येणार आहे, आई."

पाणी वर चढत राहिलं. कंबरेएवढं झालं, छातीएवढं झालं. कोपऱ्यातल्या रेघेवर भार आला. आता सोडलं की सुटलं, असं झालं.

मी सोडलं नाही. हे चांगुलपणानं झालं असं समजू नका. मी त्या फ्लॅटचा विचार केला. त्याच्या टाकीत टँकर येऊन पाणी ओततो, नळी गुंडाळतो आणि निघून जातो. त्या टाकीसाठी कोणी दुखऱ्या गुडघ्यांनी, शहराच्या ह्या टोकाला स्कूटरवर मागे बसून येणार नाही. निदान एवढ्यात तरी मी त्या सवतीच्या वर होतो. आणि जे तिला कधीच मिळणार नाही ते मी मातीत जाऊ देणार नव्हतो. मत्सरानंच मला फुटायला सांगितलं आणि मत्सरानंच मला धरून ठेवलं. पाणी सगळ्यात वरच्या कडीला टेकलं, संध्यानं नळ बंद केला आणि दोघी गेल्या. पुढचे चार दिवस मी जसं धरलं तसं आयुष्यात कधी धरलं नव्हतं. त्या चार दिवसांत कोणी विचारलं असतं तर माझ्याच्यानं बोलवलं नसतं.

रविवारी सकाळी विश्वजीत बयाणा घेऊन अकरा वाजता येणार होता. कडुबा, गीताबाई आणि संध्या आधीच आले होते. दहाच्या सुमाराला फाटकाशी एक बाई आली. मेघा तिचं नाव. नवरा सेंट्रिंगचं काम करतो, म्हणजे स्लॅब टाकायच्या आधी लागणाऱ्या फळ्या आणि टेकू लावायचं. ती स्वतः डबे करून पोचवते. छावणी भागात तिसऱ्या मजल्यावर भाड्यानं राहतात, असं तिनं सांगितलं. कडुबांनी आपल्या पद्धतीनं सुरुवात केली. इथं भेग, इथं स्लॅब, ह्या खोलीत झोपायचं नाय. मेघा सतराच्या सतरा गोल शांतपणे बघून आली आणि पोर्चमध्ये उभी राहिली.

"काका, मोडलेलं सगळं दाखवलं तुम्ही. आता न मोडलेलं काय आहे ते सांगा."

कडुबांनी तुळईवरच्या गोलाकडे पाहिलं. मला वरून त्यांचा श्वास ऐकू येत होता. एवढ्या वर्षांच्या नोकरीत हा प्रश्न त्यांना कोणी विचारलाच नव्हता.

गीताबाई म्हणाल्या, "हौद."

कोणी सांगायच्या आत संध्यानं स्कूटर हलवली आणि झाकण उचललं. चार चेहरे माझ्यावर वाकले. मेघाचा हात आपोआप तोंडावर गेला. "भरलेला आहे?"

कडुबा गीताबाईंकडे बघायला लागले. "विकायच्या घरात पानी भरलंस? कवा?"

"बुधवारी. वरच्या कडीपर्यंत भरलं होतं."

कडुबा गुडघ्यावर बसले. त्यांनी हात खाली सोडला आणि बोटं पाण्याच्या रेषेवर, कडीपाशी ठेवली. क्वालिटी खात्यातली बोटं. बराच वेळ ती तिथंच होती. कोपऱ्यातल्या रेघेला मी असा आवळून होतो की विचारू नका.

"चार दिस झाले," ते म्हणाले. "बोटभर सुदिक उतरलं नाय."

मेघा म्हणाली, "काका, मी पहाटे उठून पाणी तीन जिने चढवते. चाळीस डब्यांचं. भिंती माझ्या नवऱ्याला बांधता येतात, स्लॅब त्यांच्या हातचा आहे. दर रविवारी थोडं थोडं करतील. असा हौद कुठून आणू?" ती पुन्हा आत वाकली. "किती छान पाणी आहे."

बघा, कौतुक झालं ते पाण्याचं. पण तेवढं मी चालवून घेतलं.

विश्वजीत अकराला आला, कडुबांनी त्याला हात जोडले आणि तो दोन्ही फोनांवर बोलत निघून गेला. मेघा नवऱ्याला आणायला गेली. गीताबाई आत केर काढायला लागल्या. विकलेल्या घरातही त्यांना केर दिसत होता. पोर्चमध्ये कडुबा आणि संध्या दोघंच राहिले. संध्या झाकण जागेवर ठेवायला वाकली, तर कडुबांनी झाकणाची दुसऱ्या बाजूची मूठ धरली. दोघांनी मिळून झाकण ठेवलं.

कडुबा म्हणाले, "संध्या, तुझं कसं चाललंय?"

"बरं चाललंय, बाबा."

"बरं चाललंय ते मला म्हाईत हाय. तुझं कायम बरंच असतं. म्हनूनच मी कवा इचारलं नाय." ते थांबले, दम खाल्ला. "आज इचारायलोय."

संध्या माझ्या झाकणावर बसली, आणि थोड्या वेळानं बोलायला लागली. आधी हळू, मग भरभर. शाळेतलं सांगितलं, घरातलं सांगितलं, किती वर्षांपूर्वीचं काय काय सांगितलं. कडुबा तिच्यासमोर पायरीवर बसून ऐकत होते. ते मध्ये एकदाही बोलले नाहीत. तिनं काय सांगितलं ते मी तुम्हाला सांगणार नाही, कारण ते माझं नाही. मला तेव्हाही हेवा वाटला, हे मात्र सांगतो. पण त्या हेव्यानं पोटात दुखलं नाही.

मित्रांनो, माझ्यासारख्या हौदाला वर्षातून एकदा घासा, झाकण नीट लावा, एवढंच मी मागतो. पण तुमच्या घरातही कोणीतरी असेल, जे कधी आजारी पडत नाही, हट्ट करत नाही, आदळआपट करत नाही, आणि म्हणून ज्याच्याकडे कोणी बघत नाही. ती तुमची ताई असेल, आई असेल, किंवा वर्गात मागच्या बाकावर बसणारं एखादं पोर असेल. आज त्याच्याजवळ जा आणि विचारा, कसं चाललंय. ते म्हणेल, बरं चाललंय. तेवढ्यावर उठू नका. जरा वेळ तिथंच बसून राहा.